एकोणचाळीस वर्षांनी सुटलेलं ग्रहण

"मोठी आई, रविवारी रात्री बार्शी रोडला जायचं ग्रहण बघायला. गाडी मी चालवणार. तू, आई आणि वहिनी. पुरुषमंडळी घरी!"

पुतणीचा फोन आला तेव्हा मी गौरी-गणपतीची भांडी माळ्यावर चढवत होते. दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे ७ सप्टेंबर २०२५ च्या रविवारी, भाद्रपद पौर्णिमेला खग्रास चंद्रग्रहण होतं. हे मला पंचांगामुळे ठाऊक होतं. पण ग्रहण 'बघायला' जायचं? आणि तेही सुनेला घेऊन?

"अगं, वहिनीला पाचवा महिना चालू आहे," मी म्हटलं.

"म्हणून तर!" ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

मैत्रिणींनो, ही पुतणी म्हणजे माझ्या धाकट्या जावेची मुलगी. वय अडतीस, बँकेत नोकरी, आणि वरच्या ओठावर नाकापर्यंत गेलेली एक बारीक पांढरी रेघ. नीट पाहिल्याशिवाय दिसत नाही. पण ही रेघ आमच्या घराने अनेक वर्षं वाचली, आणि चुकीची वाचली. आज त्याबद्दलच लिहायचं आहे.

गोष्ट १९८६ सालची. त्या वर्षी १७ ऑक्टोबरला कोजागिरी होती आणि नेमकं त्याच रात्री चंद्रग्रहण आलं. रात्री अकराच्या सुमाराला ग्रहण लागणार, मध्यरात्रीनंतर चंद्र पूर्ण झाकणार. आटीव दूध, गच्चीवरच्या सतरंज्या, सगळं रद्द. सासूबाईंनी पाण्याच्या हंड्यावर तुळशीची पानं ठेवली आणि धाकट्या जावेला माजघरात बसवलं. तिला सातवा महिना होता. ग्रहणात गरवार बाईने चिरायचं नाही, शिवायचं नाही, खायचं नाही, अंग मुडपून निजायचं नाही, बाहेर तर डोकवायचंही नाही. हे नियम आमच्याकडे सगळ्यांना पाठ. आजही अनेक घरांत आहेत.

मला मात्र सकाळची घाई होती. थोरल्याची शाळा, आणि त्याच्या शर्टाचं बटण तुटलेलं. मी शर्ट आणि सुईदोरा घेऊन माजघरात गेले. "बसल्या बसल्या एवढं बटण लावून दे ना," असं जावेला म्हटलं. ग्रहण लागलंय हे डोक्यातच राहिलं नाही. तिने मुकाट्याने बटण लावलं. दोरा तोडताना सासूबाई दारात आल्या आणि त्यांनी तिच्या हातातली सुई पाहिली.

जानेवारीत मुलगी झाली. वरचा ओठ दुभंगलेला.

त्यानंतर घरात येणाऱ्या प्रत्येक बाईला सासूबाई एकच सांगायच्या, "ग्रहणात सुई धरली की ओ हिने. सांगून ऐकली नाही." जाऊ खाली मान घालून बसायची. आणि मी? मी चहा करायला आत निघून जायची. सुई मी दिली होती, हे मी कुणालाच सांगितलं नाही. सासूबाईंना नाही, नवऱ्याला नाही.

सासूबाई वाईट नव्हत्या, हेही सांगायला हवं. पोरीच्या ऑपरेशनला स्वतःची पाटली मोडून पैसे देणाऱ्याही त्याच. पाच महिन्यांची असताना ओठाचं आणि दीड वर्षाची असताना टाळूचं, अशी दोन ऑपरेशनं झाली. नातीला मांडीवर घेऊन चमच्याने दूध पाजायच्या. पण दोष मात्र सुनेच्याच पदरात ठेवला. त्यांच्या स्वतःच्या प्रत्येक बाळंतपणात त्यांनाही असंच अंधारात बसवलेलं. त्यांना तरी दुसरं काय माहीत होतं?

मला खरं कळलं ते फार उशिरा. पुतणी लग्नाची झाली तेव्हा एका डॉक्टरबाईंना विचारायला आम्ही दोघी तिला घेऊन गेलो, तिच्या मुलांना असं होईल का म्हणून. डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ग्रहणाच्या वेळी कितवा महिना होता?"

"सातवा," जाऊ म्हणाली.

"बाळाचा ओठ चौथ्या ते सातव्या आठवड्यात तयार होतो आणि टाळू साधारण नवव्या आठवड्यापर्यंत," त्या म्हणाल्या. "चेहऱ्याचे भाग दोन्ही बाजूंनी वाढत येऊन मधे जुळतात. ते जुळायचे राहिले की ओठ दुभंगलेला राहतो. जे व्हायचं ते दुसऱ्या महिन्यातच होऊन जातं. सातव्या महिन्यात तुम्ही सुई धरा नाहीतर कुऱ्हाड, त्या ओठाला काही होत नाही."

मी मनात हिशोब केला. जानेवारीचं बाळंतपण, म्हणजे ओठ मे-जूनमध्येच तयार झालेला. मृगाचा पाऊस पडायच्या आधीच जे ठरलं होतं, त्याचं खापर आम्ही कोजागिरीच्या चंद्रावर आणि एका बटणावर फोडलं होतं!

जगभरात साधारण सातशे बाळांमागे एकाला दुभंगलेला ओठ किंवा टाळू असते, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. कधी आनुवंशिकता, कधी आईचा मधुमेह, धूम्रपान, फिट्सवरची काही औषधं, अशी कारणं असतात. पुष्कळदा नेमकं कारण सापडतच नाही. आणि मला वाटतं, कारण सापडत नाही तिथेच आपण बाईला नेऊन उभं करतो.

जाऊ त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर बसून खूप रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. पण त्या दिवशीही बोलले नाही.

एवढं सगळं कळूनही, ग्रहणाच्या दिवशी सकाळी मीच सुनेला म्हटलं, "तू राहिलीस तरी चालेल हं. उगाच दगदग." पाहिलंत ना? डोक्याला पटलेलं असतं, पण हात आपोआप तुळशीकडे जातो. त्यात विहीणबाईंचा फोन, "मुलीला रात्री बाहेर काढू नका, पाया पडते." मुलीची काळजी होती, त्यांचंही काय चुकलं? मी म्हटलं, "तिलाच विचारते." सुनेला विचारलं तर ती म्हणाली, "आई, आठ दिवस झाले मी त्या रात्रीची वाट बघतेय. डॉक्टरांना विचारलंय. सोनोग्राफी चांगली आहे. रस्त्याला गचके बसणार नाहीत अशी गाडी चालवा म्हणाल्या, बाकी काही नाही."

ह्यांचं म्हणणं वेगळंच होतं. "चंद्रग्रहण गच्चीवरून दिसतं की! पेट्रोल कशाला जाळता?" खरंच होतं. चंद्रग्रहणाला दुर्बीण लागत नाही, काळा चष्मा लागत नाही. सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी बघितलं तर डोळे जातात, चंद्रग्रहण मात्र साध्या डोळ्यांनी खुशाल बघावं. पण आमच्या गच्चीला चार बाजूंनी चार गच्च्या. पोटुशी सून ग्रहणात गच्चीवर दिसली तर सकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळणार. पुढे बाळाला साधी सर्दी झाली तरी लोक म्हणणार, ग्रहण बघितलेलं! पेट्रोल जाळायचं ते यासाठी.

रात्री नऊला निघालो. सून पुढच्या सीटवर, पट्टा पोटाच्या खालून घेतलेला, पाठीला उशी. मागे आम्ही दोघी जावा आणि आमच्या मधे डबा. डब्यात धपाटे, शेंगाची चटणी, दही. वेध दुपारीच लागले होते, पण पुतणीने बजावलेलं, "खायला घेतल्याशिवाय यायचं नाही."

सोलापूर मागे पडलं, दिवे विरळ झाले. रस्त्यावर आमच्याशिवाय उसाची वाहनं आणि एखादा ट्रक. नान्नज येईपर्यंत दोन्ही बाजूंना द्राक्षांच्या बागा आणि मोकळा माळ. हाच तो माळढोक पक्ष्याचा माळ. १९७९ साली इथे अभयारण्य झालं, आता मात्र माळढोक दिसणं दुर्मिळ. पावसाळ्याचे दिवस, त्यामुळे आकाशात ढगांची ये-जा. चंद्र मधेच बुडायचा, मधेच वर यायचा. पुतणी सारखी काचेतून वर बघायची आणि तिची आई ओरडायची, "रस्त्याकडे बघ की! चंद्र कुठं पळून चाललाय?"

नान्नजच्या पुढे जावेच्या मावसभावाची वस्ती आहे. तिथे आधीच कळवून ठेवलं होतं. पाचशे पावलांवर दिवा नाही, आणि घरातली माणसं जागी. रात्री बाहेर पडायचं तर अशी ओळखीची जागा हवीच, मैत्रिणींनो. सुनसान रस्त्याच्या कडेला गाडी लावून आकाश बघत बसण्यात शहाणपण नाही. अंगणात बाज टाकलेली. सुनेसाठी लोड, आमच्यासाठी घोंगडी. वस्तीवरच्या म्हाताऱ्या मावशींनी सुनेकडे पाहिलं, तिच्या पोटाकडे पाहिलं आणि काही न बोलता तिच्या पायावर शाल टाकली.

नऊ सत्तावन्नला स्पर्श झाला. चंद्राच्या कडेला कुणीतरी काजळाचं बोट लावावं तशी सावली. मग हळूहळू ती सरकायला लागली. सावलीची कड गोल असते, हे मी वयाच्या सहासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा पाहिलं. "ती आपल्या पृथ्वीची कड आहे," पुतणी म्हणाली. "पृथ्वी गोल आहे म्हणून सावली गोल. सूर्य आपल्या पायाखाली पलीकडच्या बाजूला, मधे पृथ्वी, आणि चंद्र आपल्या सावलीत चाललाय."

"मग दर पुनवेला का होत नाही?" मावशींनी विचारलं.

पुतणीने डब्यातली दोन झाकणं घेतली, एक सरळ धरलं, दुसरं किंचित कलतं. "चंद्राची वाट अशी पाच अंश कलती आहे. बहुतेक पौर्णिमांना तो आपल्या सावलीच्या वरून नाहीतर खालून निघून जातो. कधीतरीच बरोबर मधे सापडतो."

हे काही परदेशातून आलेलं ज्ञान नाही बरं का! आर्यभटाने 'आर्यभटीय' या ग्रंथात दीड हजार वर्षांपूर्वीच, इसवी सन ४९९ च्या सुमाराला, ग्रहण सावल्यांमुळे होतं हे लिहून ठेवलंय. पंचांगकर्ते ग्रहणाची वेळ मिनिटाबरहुकूम देतात ती याच गणितावर. आपण पंचांगातली वेळ विज्ञानाची घेतो आणि भीती मात्र राहू-केतूची घेतो. गंमतच आहे की नाही!

अकराच्या ठोक्याला चंद्र पुरता सावलीत गेला. मला वाटलेलं, काळाकुट्ट होईल. तो झाला तांबूस. चिंच न लावलेल्या जुन्या तांब्याच्या हंड्यासारखा. पृथ्वीभोवतीच्या हवेतून सूर्याचा थोडा प्रकाश वाकून आत जातो. त्यातला निळा रंग वाटेत विखुरतो आणि तांबडा तेवढा चंद्रावर पोचतो. "म्हणजे ह्या क्षणी पृथ्वीवर जिथे जिथे सूर्य उगवतोय आणि मावळतोय, त्या सगळ्याचा रंग एकदम चंद्रावर पडलाय," पुतणी म्हणाली. सून काही बोलली नाही. नुसता हात पोटावर ठेवून बघत राहिली.

चंद्राचा उजेड गेला तसं आकाश काळंभोर झालं आणि ढगांच्या फटीतून चांदण्या वर आल्या. चंद्राच्या डाव्या बाजूला, हात लांब करून धरलेल्या वितीच्या आत, एक पिवळसर ठिपका स्थिर चमकत होता. "तो शनी," पुतणी म्हणाली. मावशींनी कपाळावर हात मारला, "ग्रहण पण आणि शनी पण! आता काय राहिलं?" आणि मग त्याच सगळ्यांत जास्त हसल्या.

आम्ही डबा उघडला. सुनेने धपाट्याला चटणी लावून खाल्लं. मावशींनी हात जोडले, "मी खाणार नाही बाई. पण तुम्ही खावा. बघायला बसते तुमच्यासंगं." त्यांच्या दारातल्या हंड्यावर तुळस होतीच. आम्हीही आग्रह केला नाही. तुळशीच्या पानाने कुणाचं वाईट होत नाही. वाईट होतं ते बाईला चार-पाच तास पाण्यावाचून बसवल्याने. पोटुशी बाई आणि मधुमेह असलेली बाई, या दोघींनी तरी ग्रहण म्हणून उपाशी-तहानलेलं राहू नये.

पुतणीने मग एक मजेची गोष्ट सांगितली. पृथ्वीच्या पार पलीकडे मेक्सिकोमध्येही हीच समजूत आहे! ग्रहणात चंद्राचा लचका तुटतो, तसा पोटातल्या बाळाच्या ओठाचा तुटतो म्हणे. पण तिथल्या बायका ग्रहणात पोटाजवळ मुद्दाम लोखंडाची टाचणी नाहीतर सेफ्टी पिन लावतात, बाळाचं रक्षण व्हावं म्हणून.

"म्हणजे इथे सुई धरली म्हणून आईला बोल लावले आणि तिथे पिन लावली नाही म्हणून लावले असते," ती म्हणाली. "कुठेही गेलं तरी बोल आईलाच."

अंगणात कुणी बोलेना. माझा घसा सुकला. अंधार होता म्हणूनच जमलं असेल. मी जावेचा हात धरला आणि म्हटलं, "ती सुई मी दिली होती. माझ्या पोराच्या बटणासाठी. सासूबाईंना मी कधी सांगितलं नाही."

सून वळून बघायला लागली. पुतणीही. जाऊ थोडा वेळ चंद्राकडेच बघत होती.

"अक्का, मला काय माहीत नव्हतं होय? सुई मीच घेतली की तुझ्या हातून," ती म्हणाली. "तू सांगितलं असतंस तरी सासूबाई म्हणाल्या असत्या, तिने दिली पण तू का घेतलीस. काही फरक पडला नसता."

मला हलकं वाटायला लागलं, तेवढ्यात ती पुढे म्हणाली, "पण सांगायला पाहिजे होतंस. एकदा तरी. मला बरं वाटलं असतं."

मी काय बोलणार? तिचं खरं होतं. तिने हात मात्र सोडवून घेतला नाही.

पुतणीने आईच्या पुढ्यात दही सरकवलं आणि म्हणाली, "मोठी आई, माझ्या ओठाला चंद्राने बोट लावलं नाही, आईने नाही आणि तूपण नाही. आता जेवा दोघी."

बारा तेविसाला चंद्राच्या कडेला पहिला पांढरा दोरा उजळला आणि मावशींनी सवयीने हात जोडले. आम्हीही जोडले. इतकं सुंदर काही बघितल्यावर हात जोडावेसे वाटले तर त्याला अंधश्रद्धा का म्हणायचं? पूर्ण ग्रहण सुटायला एक वाजून सव्वीस मिनिटं झाली, पण सुनेला झोप येत होती म्हणून आम्ही त्याआधीच निघालो. गाडीत ती गाढ झोपली. अंग मुडपून!

आता तुम्ही विचाराल, पुढे काय झालं, बाळ कसं आहे? मुद्दामच सांगत नाही. २१ जून २०२० च्या सूर्यग्रहणात सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरच्या एका गर्भवतीने अंनिसच्या कार्यकर्त्यांबरोबर सगळे नियम मोडून दाखवले होते. भाजी चिरली, फळं खाल्ली, खास चष्म्यातून ग्रहणही बघितलं. तिला पुढे सुदृढ बाळ झालं. तिच्या धाडसाचं कौतुक आहेच. पण मला वाटतं, बाळ छान झालं म्हणून आई सुटली, एवढ्यावर आपण थांबू नये. समजा एखाद्या बाळाला काही व्यंग निघालं, तरी ते ग्रहणाचं नसतं आणि आईच्या हातातल्या सुईचंही नसतं. माझ्या जावेला हेच कुणीतरी सांगायला हवं होतं.

आणि असं बाळ जन्मलंच तर रडत बसू नका, लपवू नका. ओठाचं ऑपरेशन साधारण तीन ते सहा महिन्यांच्या सुमाराला आणि टाळूचं वर्ष-दीड वर्षाच्या आसपास करतात. तोवर दूध कसं पाजायचं हे डॉक्टरांकडून शिकून घ्या, कारण अशा बाळाला ओढून पिता येत नाही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेल्या ओठ-टाळूचा समावेश आहे. आशाताईंना किंवा सरकारी दवाखान्यात विचारलंत तर वाट सापडते. कुणाला पाटली मोडायची पाळी येऊ नये. फिट्सची औषधं चालू असतील तर मूल होऊ देण्याआधीच डॉक्टरांशी बोला, मनाने गोळ्या बंद मात्र करू नका.

एक तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. ३१ डिसेंबर २०२८. त्या रात्री पुन्हा खग्रास चंद्रग्रहण आहे आणि ते सगळ्या भारतातून दिसणार आहे. थंडीचे दिवस, ढगांची भीती कमी. आमचं ठरलंय, तीच वस्ती, तीच बाज. जावेने तर धपाट्याचं पीठ मी मळायचं असंही आत्ताच ठरवून टाकलंय. "एवढी शिक्षा तर पाहिजेच की अक्का," म्हणते.

तुमच्याही घरात अशी एखादी जाऊ, एखादी सून असेल, जिच्या पदरात कुणीतरी कधीतरी एखादं ग्रहण टाकून ठेवलेलं. तुम्हाला खरं माहीत असेल तर पुढच्या ग्रहणाची वाट बघू नका. आजच जाऊन सांगा. तिला बरं वाटेल.